रंगविलेलें वार्धक्य आणि खरें वय

नटाची कला नटाबरोबर संपते, हें विधान आपल्या नाट्यसमीक्षेंत इतक्या वेळां आलें आहे कीं, त्याची शहानिशा करण्याचें आतां कोणाला सुचत नाहीं. बालगंधर्वांची सिंधु कशी होती, गणपतराव जोशी यांनीं हॅम्लेटची भूमिका कशी वठविली, हें आपणांला प्रत्यक्ष पाहणारांच्या वर्णनांवरूनच ताडावें लागतें. आणि वर्णन करणारा रसिक बहुधा भारावलेला असल्यामुळें त्याच्या साक्षीची उलटतपासणी होऊं शकत नाहीं. चित्रपटानें ही अडचण दूर केली, परंतु तिच्या जागीं दुसरी उभी केली. पडद्यावर जी तरुणी एकदां उमटली ती कायमची तरुण राहते. नटी मात्र कालमानाप्रमाणें वृद्ध होते. मग प्रेक्षक तिला तिच्याच जुन्या चित्राशीं ताडून पाहतो, हळहळतो, आणि त्या हळहळीलाच रसिकता समजतो. आपल्या बहुतेक प्रसिद्ध नट्यांच्या उत्तरायुष्याकडे आपण याच दृष्टीनें पाहत आलों आहों.

श्रीमती रोहिणी हट्टंगडी यांची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. त्यांचें तारुण्य चित्रपटानें जवळजवळ टिपलेंच नाहीं. तिशीच्या आसपास असतांना त्यांनीं पडद्यावर जें ठेवलें तें वार्धक्य होतें. आणि सत्तरीच्या आसपास आल्यावर, २०२३ सालीं, ‘बाईपण भारी देवा’मध्यें प्रेक्षकांनीं त्यांना मंगळागौरीच्या खेळांत नाचतांना पाहिलें. म्हातारपणाचा अभिनय आणि त्याच नटीचें खरें उतारवय, हीं दोन्ही शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याची अशी संधि समीक्षकाला क्वचितच मिळते. ती घेऊन दोन प्रश्नांचा विचार करण्याचें मीं योजिलें आहे. वार्धक्याचा अभिनय म्हणजे नेमकें काय, हा पहिला प्रश्न. आणि ज्या नटीला तो उत्तम साधला तिला त्याची कोणती किंमत मोजावी लागली, हा दुसरा.

रोहिणीबाई मूळच्या पुण्याच्या ओक. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयांत इब्राहिम अल्काझी यांच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें. त्या काळीं त्या विद्यालयांत नटाचें शरीर हें एक वाद्य मानून तें सुरांत लावून घेण्यावर भर असे. जपानचें काबुकी आणि कर्नाटकाचें यक्षगान या दोन्ही परंपरांतील प्रयोगांत त्यांनीं तेथें काम केलें. या दोन्ही परंपरा नटाला एक धडा देतात, तो असा कीं, भावना ही आधीं चेहऱ्यावर येत नसून पाठीच्या कण्यांत, पावलांत, श्वासांत येते. पुढें मुंबईस आल्यावर पति जयदेव हट्टंगडी यांच्या दिग्दर्शनाखालीं ‘आविष्कार’ संस्थेच्या ‘चांगुणा’ या नाटकांत त्यांनीं प्रमुख भूमिका केली. लॉर्का या स्पॅनिश कवीच्या ‘येर्मा’चें हें मराठी रूप. मूल होत नाहीं म्हणून आंतल्या आंत जळत जाणाऱ्या स्त्रीची ती कथा. रंगभूमीवर अपत्यहीन स्त्रीचें दुःख मांडून नांव मिळविणाऱ्या या नटीला चित्रपटानें पुढें जन्मभर आई केलें, ही विसंगति लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

सईद मिर्झा यांच्या ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’ (१९७८) या चित्रपटानें त्यांचा पडद्यावर प्रवेश झाला. परंतु त्यांचें नांव जगभर झालें तें रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) मुळें. कस्तुरबांच्या भूमिकेबद्दल त्यांना ब्रिटनचें बाफ्टा पारितोषिक मिळालें. त्या पारितोषिकाचा आपल्याकडे गौरव पुष्कळ झाला, भूमिकेची चिकित्सा मात्र फारशी झाली नाहीं. ती भूमिका एका दृष्टीनें अत्यंत गैरसोयीची आहे. चित्रपट तीन तासांहून मोठा, पण त्यांत कस्तुरबांच्या वांट्याला येणारे प्रसंग थोडे, संवाद इंग्रजी, आणि समोर सर्व प्रकाशझोत ज्यावर रोखलेला आहे असा महापुरुष. शिवाय दक्षिण आफ्रिकेंतील तरुण गृहिणीपासून १९४४ सालीं आगाखान पॅलेसमध्यें, चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, बंदिवासांत देह ठेवणाऱ्या वृद्धेपर्यंतचें आयुष्य या मोजक्या प्रसंगांतून उभें करावयाचें.

या भूमिकेंतील दोन प्रसंग पाहण्यासारखे आहेत. आश्रमांतील शौचकूप साफ करण्याच्या कामावरून पतिपत्नींचें भांडण होतें, तो पहिला. येथें कस्तुरबा रागावलेली आहे, अपमानित झालेली आहे. पण रोहिणीबाई तो राग तारस्वरांत नेत नाहींत. त्यांची मान ताठ होते आणि शब्द कमी होतात. नवऱ्याचा हट्ट मोठा कीं तिचा संस्कार मोठा, हा झगडा त्या मानेच्या ताठपणांत दिसतो. दुसरा प्रसंग अनेक वर्षांनंतरचा. परदेशी वार्ताहराला हिंदु विवाहविधि समजावून सांगतांना वृद्धत्वाकडे झुकलेलें हें जोडपें सप्तपदी पुन्हां करून दाखवितें. खेळ म्हणून सुरू झालेलें हें प्रात्यक्षिक हळूहळू खरें होत जातें. चालीला येथें वयाचा मंदपणा आलेला आहे, पण डोळ्यांत नववधूचा संकोच आहे. दोन वयें एकाच देहांत एकाच वेळीं दाखविण्याचें हें काम रंगभूषाकाराच्या हातचें नव्हे.

वार्धक्याच्या अभिनयाचें मर्म येथेंच सांपडतें. आपल्याकडे नाटकांतला म्हातारा म्हणजे वांकलेली कंबर, थरथरणारा आवाज, हातांत काठी, आणि दर वाक्यामागें एक खोकला. हा अभिनय नव्हे, ही नक्कल होय. कारण यांत नट म्हातारपणाकडे बाहेरून पाहतो. खरा म्हातारा आपण म्हातारे आहों हें दाखवीत नसतो. तो तें लपवीत असतो. त्याची शक्ति मर्यादित असल्यामुळें ती कोठें खर्चावयाची आणि कोठें राखावयाची याचा हिशेब त्याचा देह सतत करीत असतो. उठण्यापूर्वीं तो क्षणभर थांबतो. एखादी हांक ऐकल्यावर मान वळण्याआधीं डोळे वळतात. ही काटकसर ज्या नटाला साधली त्याला सुरकुत्या रंगविल्या काय आणि न रंगविल्या काय, सारखेंच.

महेश भट यांच्या ‘सारांश’ (१९८४) या चित्रपटांत ही काटकसर परिपूर्ण झालेली आहे. शिवाजी पार्कच्या परिसरांत राहणारें प्रधान हें मध्यमवर्गीय मराठी जोडपें. निवृत्त मुख्याध्यापक नवरा, श्रद्धाळू बायको, आणि अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरीं लुटारूंच्या हातून मारला गेलेला एकुलता एक मुलगा. प्रधानांची भूमिका करणारे अनुपम खेर यांनीं तेव्हां तिशीहि ओलांडली नव्हती. पार्वतीची भूमिका करणाऱ्या रोहिणीबाईंनीं पस्तिशी गांठली नव्हती. खेर यांच्या भूमिकेला संताप आहे, भाषणें आहेत, सरकारी कचेरींत मुलाच्या अस्थींसाठीं केलेला तो प्रसिद्ध आक्रोश आहे. प्रेक्षकांच्या आणि टीकाकारांच्या स्मरणांत तोच राहिला. पार्वतीला यांतलें कांहीं नाहीं. तिच्याजवळ आहे तो एक वेडा विश्वास: घरांत भाड्यानें राहणाऱ्या तरुणीच्या उदरीं आपलाच मुलगा पुन्हां येत आहे.

ही भूमिका घसरण्याच्या दोन वाटा होत्या. एक, तिला भाबडी दाखवून प्रेक्षकाची कींव मिळविण्याची. दुसरी, तिला भ्रमिष्ट दाखवून भीति उत्पन्न करण्याची. रोहिणीबाईंनीं दोन्ही टाळल्या. त्यांची पार्वती घरकाम करतां करतां विश्वास ठेवते. त्या तरुणीच्या प्रकृतीची ती जी काळजी वाहते, तिच्यांत व्यवहार आहे, शिस्त आहे, इतकेंच नव्हे तर किंचित् अधिकारहि आहे. दुःखानें रिकामें झालेलें घर तिनें पुन्हां कामाला लावलेलें आहे. म्हणूनच, त्या तरुण जोडप्याला घरांतून जाऊं देऊन प्रधान जेव्हां तिचा हा भ्रम तोडतात, तेव्हां आपणांला त्यांचा निर्णय बरोबर वाटतो आणि तरीहि तो क्रूर वाटतो. हा क्रूरपणा चित्रपटाच्या संवादांत लिहिलेला नाहीं. पार्वतीच्या कामसूपणानें तो सिद्ध केलेला आहे. मुलगा दुसऱ्यांदां मरतो तो तिच्याच मुद्रेवर.

चित्रपटाच्या अखेरीस प्रधान पत्नीच्या चेहऱ्याकडे पाहून, तिच्या सुरकुत्यांतच आपल्या आयुष्याचा सारांश आहे, अशा अर्थाचें बोलतात. चित्रपटाचें नांव तेथून आलेलें. आतां गंमत अशी कीं, ज्या सुरकुत्यांवर या सबंध चित्रपटाचा अर्थ तोललेला आहे त्या खऱ्या नव्हत्या. परंतु त्या क्षणीं हें कोणाच्याहि मनांत येत नाहीं, कारण तोंवर दोन तास आपण त्या स्त्रीचें थांबणें, ऐकणें, उठणें पाहिलेलें असतें. रंगाला सत्य आलें तें त्या हालचालींमुळें.

याच कालखंडांतील दोन भूमिका या मालिकेंत बसत नाहींत, आणि म्हणून अधिक महत्त्वाच्या आहेत. ‘अर्थ’ (१९८२) मध्यें त्यांनीं केलेली मोलकरीण मुलीच्या शिक्षणासाठीं पैपै सांठविते. दारुड्या नवऱ्यानें ती पुंजी उडविल्यावर त्याचा जीव घेते. मुख्य कथा सुशिक्षित स्त्रीच्या स्वाभिमानाची. पण त्या स्वाभिमानाची खरी किंमत किती, हें ती कथा या मोलकरणीकडून शिकते. दुसरी भूमिका गोविंद निहलानी यांच्या ‘पार्टी’ (१९८४) मधली. महेश एलकुंचवार यांच्या मराठी नाटकावरील या चित्रपटांत त्यांनीं मोहिनी ही, प्रथितयश नाटककाराच्या सहवासांत मद्याच्या आहारीं गेलेली, एके काळची नटी उभी केली. या भूमिकेला राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. मोहिनी सतत अभिनय करते, कारण तिला रंगमंच उरलेला नाहीं. दिवाणखाना हाच तिचा रंगमंच. नटीनें नटीची भूमिका करतांना खोटा अभिनय खरा करून दाखवावयाचा असतो. जेथें मोहिनीचा आवाज चढतो तेथें तो नाटकी आहे हें आपणांला कळतें, आणि त्या नाटकीपणामागची भूकहि कळते. तिशींतल्या रोहिणीबाईंना स्वतःच्या वयाला आणि व्यवसायाला जवळची अशी स्त्री पडद्यावर मिळाली ती एवढीच, असें म्हटलें तरी फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

येथून पुढचा इतिहास सांगावयास सुखाचा नाहीं. हिंदी चित्रपटाचा व्यापार असा आहे कीं, नटानें जें एकदां उत्तम केलें तेंच त्याच्याकडून अखंड मागावयाचें. ‘अग्निपथ’ (१९९०) मध्यें रोहिणीबाई अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या. वयानें त्या त्यांच्याहून कित्येक वर्षांनीं लहान. त्या आईंत निश्चयाचें बळ आहे. मुलाच्या पापाच्या पैशाकडे पाठ फिरविणारी शिक्षकाची विधवा त्यांनीं अबोल तेजानें रंगविली, आणि त्याबद्दल त्यांना ‘अर्थ’नंतर पुन्हां एकदां फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. पण ती आई मुलाच्या कथेंतली एक खूण आहे. तिला स्वतःची कथा नाहीं. ‘चालबाज’ (१९८९) मधली दुष्ट अंबा पाहिली म्हणजे तर ‘सारांश’मधले प्रधान पतिपत्नी हेच काय, असा प्रश्न पडतो, कारण तेथेंहि खेर आणि हट्टंगडी एकत्र आहेत. अंबेंत विनोदाची जाण आहे, परंतु आरडाओरडीचा भाग इतका आहे कीं, काटकसर हा ज्या नटीचा गुण तिला उधळपट्टी करावयास लावल्याचें दुःख होतें. हा दोष सर्वस्वीं दिग्दर्शकाचा म्हणतां येणार नाहीं. नटीनेंहि तेथें सोपी वाट पत्करलेली आहे.

रोहिणीबाईंची कारकीर्द वायां गेली, असें मत सुशिक्षित मंडळींत वारंवार ऐकूं येतें. मीं स्वतःहि तें वर्गांत अनेकदां मांडलें आहे. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका सुरू झाल्यावर तर या मताला पुष्टीच मिळाली असें मला वाटलें. २००१ ते २०१३ अशी अकरा वर्षें ही मालिका ई टीव्ही मराठीवर चालली. भाग तीन हजारांवर गेले. म्हणीप्रमाणें चार दिवस सासूचे संपले कीं सुनेचे यावयाचे. येथें सासूचेच चार दिवस संपेनात, असा विनोद आम्ही प्राध्यापक मंडळी चहाच्या वेळीं करीत असूं. घरीं मात्र माझी आई ती मालिका एक दिवसहि चुकवीत नसे, आणि शेजारच्या खोलींत उत्तरपत्रिका तपाशीत बसलेल्या मला ती न पाहतां ऐकावी लागे.

त्या ऐकण्यानें माझें मत बदललें. चित्र नसल्यामुळें तीन तीन वेळां फिरून दिसणारा तोच चेहरा, त्या दागिन्यांचा आणि पैठण्यांचा थाट, हें कांहीं माझ्यापर्यंत येत नव्हतें. येत होता तो आवाज. आशा देशमुख ही त्या घराची सूत्रें हातीं ठेवणारी सासू. तिच्या तोंडीं दिलेलीं वाक्यें पुष्कळ वेळां सामान्य असत. पण एक वाक्य कोठें तोडावें, कोणता शब्द खालच्या पट्टींत सोडून द्यावा, आज्ञा करतांना आवाज चढविण्याऐवजीं उतरवावा कसा, याचें भान दिवसामागून दिवस ढळत नव्हतें. तालमीला सवड नाहीं, लिहिलेलीं पानें ऐन वेळीं हातीं येणार, अशा धबडग्यांत अल्काझींच्या शाळेची विद्या कोठें टिकली, तर ती आवाजांत टिकली. एकदां मीं कांहीं कुत्सित बोललों असतां आई म्हणाली, “अरे, ती बाई कोणाची आई म्हणून बोलत नाहीं, स्वतःची म्हणून बोलते.” नाट्यशास्त्रावरचीं पुष्कळ पुस्तकें वाचूनहि मला जें दिसलें नव्हतें तें तिनें एका वाक्यांत सांगितलें.

विचार केल्यावर तिचें म्हणणें पटतें. हिंदी चित्रपटानें रोहिणीबाईंना जी आई दिली तिचें अस्तित्व मुलाच्या कर्तृत्वावर अवलंबून होतें. दूरचित्रवाणीच्या मालिकेनें त्यांना जी वृद्ध स्त्री दिली ती कथेच्या मध्यभागीं होती. ती निर्णय घेई, चुकत असे, चूक मान्य करण्यास विलंब लावी, आणि तिच्या निर्णयांवर घर हालत असे. पुढें ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३ ते २०१६) या मालिकेंतील आईआजी हें त्याच अधिकाराचें सौम्य रूप. पन्नाशी उलटलेल्या स्त्रीला कथेचें केंद्र करण्याचें धाडस आपल्या चित्रपटानें दाखविलें नाहीं. तें आपण ज्याची टिंगल करतों त्या माध्यमानें दाखविलें. याची जबर किंमत होती, हेंहि सांगितलें पाहिजे. कथा पाण्यासारखी वाढविलेली; घराची प्रतिष्ठा या नांवाखालीं सुनांच्या सोशिकपणाचा गौरव केलेला; आणि जो अभिनय दोन तासांत सांठला असता तो तीन हजार भागांत पातळ झालेला. ‘सारांश’च्या शेजारीं यांतला कोणताहि भाग ठेवतां येणार नाहीं. परंतु ‘वायां गेली’ हा शब्दहि आतां मला वापरवत नाहीं. वायां जाणें म्हणजे कोणाच्याच उपयोगीं न पडणें; आणि रोज संध्याकाळीं घराघरांतील पोक्त बायकांना आपल्यासारख्या स्त्रीचें बोलणें कोणीतरी लक्ष देऊन ऐकत आहे हें दिसणें, हा उपयोग लहान नव्हे.

आतां २०२३ सालच्या केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’कडे वळूं. सहा बहिणींची ही कथा. मंगळागौरीच्या खेळांच्या स्पर्धेच्या निमित्तानें त्या एकत्र येतात. थोरल्या बहिणीची, जयाची, भूमिका रोहिणीबाईंची. चित्रपट म्हणून त्याच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली आहे. भावनेचे उमाळे त्यांत गरजेहून अधिक आहेत. माझें लक्ष होतें तें एका गोष्टीकडे. ज्या नटीनें ऐन तारुण्यांत हालचालींची काटकसर करून वार्धक्य उभें केलें, ती खऱ्या उतारवयांत काय करील? उत्तर पडद्यावर मिळतें. येथें वय दाखविण्याचें कारणच उरलेलें नसल्यामुळें त्यांनीं तें मोकळें सोडलें आहे. आणि उलट दडलेला खेळकरपणा वर आणला आहे. वृद्ध देहांतील मुलगी त्या तितक्याच सहजपणें दाखवितात, जितक्या सहजपणें एके काळीं तरुण देहांतील वृद्धा दाखवीत. म्हणजे त्यांची विद्या म्हातारपणाची कधींच नव्हती. एका देहांत दोन वयें नांदविण्याची ती विद्या होती. ‘गांधी’मधल्या सप्तपदींत ती होतीच, आपण तिला ‘आईची भूमिका’ असें चुकीचें नांव दिलें, आणि मग तें नांव त्या नटीला चिकटलें.

या चुकींत निर्मात्यांइतकाच आपलाहि वांटा आहे. तरुण नटीनें वृद्धा उत्तम केली कीं आपण टाळ्या वाजवितों, पण तिला तिच्या वयाची एखादी भूमिका मिळाली आहे कीं नाहीं, हें विचारीत नाहीं. ‘पार्टी’ला पारितोषिक मिळालें, परंतु मोहिनीच्या पुढची मोहिनी कोणी लिहिली नाहीं. मराठी वाचक-प्रेक्षकांनीं ‘सारांश’ आणि ‘पार्टी’ हे एकाच वर्षीचे दोन चित्रपट पुन्हां एकदां लागोपाठ पाहावेत, अशी माझी सूचना आहे. एकींत ती स्वतःच्या दुप्पट वयाची आहे, दुसरींत स्वतःच्या वयाजवळची. आणि दोन्ही भूमिका एकाच स्त्रीच्या आहेत हें आठवून देण्याची गरज पडते. हा पल्ला ज्या नटीच्या अंगीं होता तिच्यासाठीं आपण चाळीस वर्षांत किती लिहिलें, याचा हिशेब तेव्हां आपोआप होईल.

‘सारांश’च्या शेवटीं प्रधानमास्तरांनीं ज्या सुरकुत्या पाहिल्या त्या रंगविलेल्या होत्या. आतां त्या रंगवाव्या लागत नाहींत. नटी आहे, तिची विद्या शाबूत आहे, वयहि खरें आहे. तेव्हां त्या चेहऱ्याकडे प्रधानमास्तरांच्या नजरेनें पाहणारा एखादा लेखक मराठींत निघावा, एवढीच अपेक्षा.